मंगल कार्यालयातल्या आचारीअण्णांना

आचारीअण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे अण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणत राहिले. २०१९च्या ऑगस्टात शिरोळ तालुक्यातली पुराच्या पाण्यातून बाहेर काढलेली जी माणसं जयसिंगपुरात तुमच्या हातचं जेवली, त्यातलीच मी एक. सोबत सासूबाई आणि दोन पोरं होती.

त्या वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि भाजी, दूध, गॅस, सगळंच अडलं. आम्हाला पहिले दोन दिवस बिस्किटाचे पुडे आणि फरसाण मिळालं. देणाऱ्यांचे उपकारच आहेत, पण पोरांची तोंडं आली. सासूबाईंना साखरेचा आजार, त्या नुसत्या पाण्यावर बसून होत्या.

तिसऱ्या दिवशी लग्नातली पातेली, शेगड्या, झारे टेम्पोत घालून तुम्ही आलात. माणसं किती, हे नंतर विचारलंत. आधी हॉलभर फिरलात. "आक्का, पथ्याचं कोन हाय? बाळंतीन कोन हाय? दात न्हाईत असं कोन हाय?" सासूबाईंनी हात वर केला आणि त्यांना रडू फुटलं. घर सोडताना त्या रडल्या नव्हत्या, अण्णा.

मग मी तुमच्या हाताखाली लसूण सोलायला बसले, म्हणून तुमचं काम जवळून पाहिलं. तांदळाची पोती थप्पीला लागली होती, तरी तुम्ही सगळा भात एकदम लावत नव्हता. तासाभराने एक पातेलं, ते संपलं की दुसरं. मी कारण विचारलं. "मोठ्या पातेल्यातला भात मधनं निवत न्हाई, आंबतोय. हितं एकाला जुलाब लागलं की समद्या हॉलला लागत्यात." टँकरचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिंपात जात नव्हतं. ओलं खोबरं बंद, आमटीत बटाटा बंद. लांबून प्रेमाने आलेल्या चपात्या दमट पिशव्यांत चिकट झाल्या होत्या. तुम्ही एकेक गठ्ठा हुंगून बाजूला केलात, आणि त्या वेळी तुमचा चेहरा बघवत नव्हता. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र डब्यात नीट लावून ठेवलीत. पाण्यापलीकडे अडकलेल्यांना बोटीतून तेच पाठवत होता.

बाळंतिणीला तूप घालून मऊ भात, सासूबाईंना भाकरी दुधात कुस्करून. मदत घेणाऱ्याने मिळेल ते गोड मानावं, असं तेव्हा मलाही वाटायचं. तुम्ही आम्हाला कधी रांगेत उभं केलं नाहीत. सतरंज्या अंथरून पंगत बसवलीत, लग्नघरात फिरावं तसे आग्रह करत फिरलात.

१२ ऑगस्टला श्रावणी सोमवार आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. सकाळी उपासवाल्यांसाठी वेगळ्या पातेल्यात वरी शिजली आणि दुपारी शेवयांची खीर. खीर हॉलमधल्या सगळ्याच पोरांनी खाल्ली. राखी पौर्णिमेला, १५ ऑगस्टला, इतके दिवस बंद ठेवलेला नारळ तुम्ही पहिल्यांदा फोडलात. एकच छोटं पातेलं नारळीभात केलात, प्रत्येकाला घासभर, आणि डोळ्यांदेखत संपवायला लावलात. माझ्या भावाचं गाव तेव्हा पाण्यात होतं. तुमच्या मनगटावर राखी बांधली ती मी, आठवतंय का?

शेवटची पंगत उठल्याशिवाय तुम्ही जेवत नव्हता, आणि जेवलात तेही शेगडीपाशी उभ्याउभ्याच.

यंदा पाऊस लागायच्या आत आमच्या घरी या. भाकरी, चटणी आणि वांग्याचं भरीत करते. तुम्ही पाटावर बसायचं, मी वाढणार.

तुमची,
शिरोळकडची आक्का