जळका वास एमसीबीला येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या घरगुती सल्ल्याच्या सदरात एका वाचकाने विचारलं होतं की खोलीत अधूनमधून वायर जळल्यासारखा वास येतो, काय करावं? त्यावर उत्तर छापून आलं की एमसीबी (मेन बोर्डावरचा, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नसेल तर वायरिंग ठीक आहे, खोली हवेशीर ठेवा आणि सवडीने वायरमनला दाखवा. हे उत्तर चुकीचं आहे. ते वाचून कोणी खरोखरच सवडीची वाट बघत बसू नये, म्हणून हे पत्र. मी वायरमनचा कोर्स करून नोकरीभर इमारतींच्या विद्युत देखभालीचं काम केलं, आता निवृत्त आहे. (दारात बाई बघून ‘वायरमन मागून येतोय का?’ असं विचारणारे पुष्कळ भेटले. पिशवीतून टेस्टर काढला की प्रश्न मिटायचा.)

एमसीबी बघतो ते एवढंच, की तारेतून करंट किती जातोय. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर तासभर वाहिले तरी तो पडत नाही. त्याची रचनाच तशी असते. आणि लूज कॉन्टॅक्टमध्ये तर करंट वाढतच नाही. समजा हीटर १० अँपिअर घेतोय आणि स्विचच्या टर्मिनलचा स्क्रू सैल पडल्यामुळे तिथे पाव ओहमचा रोध तयार झाला. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. १०० गुणिले पाव, म्हणजे २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं छोटं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचं असतं आणि त्याच्या टोकाला डाख वितळतो. तेवढी उष्णता भिंतीतल्या बंद पेटीत, नखाएवढ्या जागी साठत राहते. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसच्या हिशेबाने बनवलेलं असतं. ते कडक होतं, तडकतं, काळं पडतं. एमसीबीच्या लेखी मात्र १० अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. आरसीसीबी बसवलाय म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनाही सांगते, तो करंटची गळती पकडतो, घरगुती वापराचा साधारण ३० मिलिअँपिअरला पडतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येत असेल तर त्याला पडायचं काही कारणच नाही. त्यामुळे अशा वेळी सगळ्यात आधी कळतं ते नाकालाच.

आता वास ओळखायचा कसा? पीव्हीसी जळते तेव्हा वास तिखट असतो, घशाला लागतो, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. पंख्याची किंवा मिक्सरची मोटर तापली तर वार्निशसारखा वास येतो. स्पार्किंग होत असेल तर कधी कधी नाकात झोंबणारा ओझोनचा. यापैकी कोणताही वास आला की लोक निदान विजेकडे वळून बघतात. फसवतो तो मासळीसारखा वास. स्विच-सॉकेटचे काही भाग युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. ते फार तापले की त्यातून अमाइन वर्गातली द्रव्यं सुटतात आणि सडक्या मासळीचा वास येतो. मग घरातली माणसं कचऱ्याचा डबा धुतात, कपाटामागे मेलेला उंदीर शोधतात, ड्रेनेजवाल्याला बोलावतात. एका घरी फ्रिज हलवून त्याच्यामागची भिंत फिनेलने पुसून झाली होती. फ्रिजचा प्लग ज्या सॉकेटमध्ये होता, त्याचं एक भोक आतून तपकिरी झालेलं मला दारातूनच दिसलं.

हीटर बऱ्याच काळाने लावला की कॉइलवरची धूळ जळून वास येतो. तो काही मिनिटांत जातो आणि पुन्हा लावल्यावर येत नाही. पुन्हा आला, तर तो धुळीचा नव्हे.

‘वास आला होता, पण आता गेला’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं असेल. जाणारच. लोड बंद झाला की सांधा थंड होतो. गीझरच्या स्विचचा दोष गीझर वापरात नसतो तेवढे महिने गप्प राहतो. शिवाय त्याच खोलीत दहा मिनिटं बसलं की नाक त्या वासाला सरावतं. म्हणून खात्री करायची तर बाहेर मोकळ्या हवेत थोडं थांबून मग आत यावं, किंवा नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं.

वास येताच काय करायचं, तेही सांगते. धूर दिसत असेल, बोर्डातून चरचर ऐकू येत असेल, प्लेट पिवळी-काळी पडली किंवा वाकली असेल, तर शोधाशोध नको. मेन स्विच बंद करायचा आणि घरातल्यांना घेऊन बाहेर पडायचं. मेनच धुरात असेल तर त्याच्याही वाटेला जायचं नाही. अग्निशमन दलाला फोन बाहेर आल्यावर. पाणी मारायचं नाही. नुसता वास असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली करायचा. संशयित बोर्डावरचंच बटण दाबायला जाऊ नये. तापलेल्या स्विचमध्ये नेमका तोडताना स्पार्क होतो. सप्लाय बंद केला की लगेच, बोर्ड थंड व्हायच्या आत, बंद केलेल्या भागातल्या एकेका प्लेटजवळ हाताची मागची बाजू न्यायची. भिंतीतली ऊब काही मिनिटं टिकते आणि ती जागा दाखवते. मग ते सर्किट वायरमन येईपर्यंत बंदच. एमसीबी आपोआप पडला असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नये.

दोन गोष्टी लोक हमखास करतात आणि त्या करू नयेत. एक म्हणजे रूम फ्रेशनर मारणं. त्यांच्या कित्येक डब्यांत पेट घेणारा वायू भरलेला असतो. तो स्पार्क होणाऱ्या बोर्डाजवळ फवारायचा म्हणजे कमालच झाली. दुसरी, एक्झॉस्ट पंखा लावणं. कदाचित वास त्याच्याच मोटरचा असेल, आणि नसला तरी पंखा तो खेचून नेतो आणि जागा सापडत नाही.

एक लक्षण मात्र वेगळं, आणि तिथे एक मिनिटही घालवू नये. एका खोलीतले दिवे अचानक प्रखर, दुसरीकडचे मंद, आणि त्याच वेळी टीव्ही किंवा चार्जरमधून वास. याचा अर्थ बहुधा थ्री फेज सप्लायचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, सुटलाय. अशा वेळी एखाद्या फेजवरच्या उपकरणांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज मिळतं, एकामागून एक वस्तू जळतात. मेन बंद करून वीज कंपनीला कळवायचं. दोष घराबाहेरच्या लाइनमध्येही असू शकतो. आणि चार्जिंगला लावलेल्या लिथियम बॅटरीतून गोडसर, थिनरसारखा वास आला तर नुसता प्लग काढून भागत नाही, ती आतल्या आत तापत राहते. तिथून माणसांनी लांब व्हावं.

आता आमच्या धंद्याबद्दल. जळका स्विच काढून नवा बसवला की काम झालं, असं मानणारे वायरमन आहेत. एका कुटुंबाने गीझरचा स्विच असाच वारंवार बदलून घेतला होता आणि दर वेळी माल खराब म्हणून दुकानदाराशी भांडण. मी पेटी उघडली तर स्विच बिचारा निर्दोष. तारेचं टोक काळं पडलेलं, आवरण बोटाने मोडलं तर तुकडा पडावा इतकं कडक. काळ्या तांब्यावर नवा स्क्रू कितीही आवळा, कॉन्टॅक्ट बसत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार मागे कापायची, पुरत नसेल तर नवी ओढायची. जुन्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सापडतात, त्या तर स्क्रूखाली दबत-सरकत आपोआप सैल होतात; तिथे तांब्याची तार नुसती पिळून टेप गुंडाळलेली दिसली तर ते काम परत करून घ्या. सहा अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून हीटर किंवा इस्त्री चालवणाऱ्यांना काही सांगायचं सोडून दिलंय मी. त्यांच्या घरचा वास कुठून येणार हे न उघडताही कळतं.

सदरातल्या त्या उत्तराची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापावी ही विनंती. आणि ज्या वाचकाने प्रश्न विचारला होता, त्याच्यासाठी: वास कोणत्या वेळी येतो, तेव्हा कोणकोणती उपकरणं चालू असतात आणि शेजारच्या खोलीतही येतो का, हे कागदावर लिहून ठेवा आणि वायरमन आला की त्याच्या हातात द्या. त्याने जळका स्विच किंवा सॉकेट काढलं तर ते फेकू देऊ नका. कोणतं टर्मिनल काळं पडलंय ते स्वतः बघा आणि त्या टर्मिनलमधून निघालेल्या तारेचं टोक कापून नवं केलंय का, ते बोर्ड बंद करायच्या आधी दाखवायला सांगा.

आपली,
एक निवृत्त वायरमन