‘विदेश संचार’ने घरी फोन कधी दिला?

संपादक महोदय,

बीएसएनएलच्या विक्रीवरचा कालचा अग्रलेख सकाळी वाचला, दुपारी पुन्हा काढून वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. बीएसएनएल विकावी की ठेवावी यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसं बोलतील. माझी तक्रार तुम्ही दिलेल्या दाखल्याबद्दल आहे. फोनसाठी लोकांना दहा-दहा वर्षं ताटकळत ठेवणारी, तोट्यातली व्हीएसएनएल (विदेश संचार निगम) २००२ साली विकली आणि म्हणून देशात फोन स्वस्त झाला, असं तुम्ही लिहिलंय. ज्या कंपनीत मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, तिच्याबद्दल हे वाचून गप्प बसवेना.

व्हीएसएनएलने कुणाच्याही घरी फोन दिला नाही. ते आमचं कामच नव्हतं. घरच्या फोनची प्रतीक्षायादी दूरसंचार खात्याची होती आणि १९८६ नंतर मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची. आमच्याकडे होता तो देशाबाहेरचा कारभार. परदेशचे फोन, तारा, टेलेक्स, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेटसुद्धा. समुद्राखालची केबल आणि नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाकडे तोंड करून उभी असलेली ती प्रचंड थाळी, एवढ्यावर सगळ्या देशाचं परदेशी बोलणं चालायचं. मी लागले तेव्हा ते ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस नावाचं खातं होतं. १९८६ च्या १ एप्रिलला त्याचं विदेश संचार निगम झालं. पाटी बदलली, आमचे बोर्ड आणि हेडसेट तेच राहिले.

आणि तोटा? १९९७ साली सरकारने ज्या नऊ कंपन्यांना ‘नवरत्न’ म्हटलं, त्यात व्हीएसएनएल होती. तोट्यातल्या कंपनीला कुणी नवरत्न म्हणत नाही. ती भरपूर कमवत होती, म्हणूनच तिला गिऱ्हाईक मिळालं. विकण्याआधी सरकारने तिच्याकडून भलामोठा लाभांशही काढून घेतला होता.

पण झोप उडाली ती आम्हा कर्मचाऱ्यांना तुम्ही म्हटलेल्या ‘आयतं बसून खाणारे बाबू’ या शब्दांनी.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. कुवेतच्या लाइन तुटल्या. तिथे दीड लाखाच्या वर आपली माणसं होती, त्यात आपल्या कोकणातली किती. फोर्टातल्या विदेश संचार भवनाच्या काउंटरवर दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. घरी फोन असलेले १८६ वर कॉल बुक करायचे. ज्यांच्याकडे नव्हता ते रात्रीची एस्टी धरून यायचे आणि जिन्यावर बसून राहायचे. कुवेत मागितलं की आम्हाला ‘लाइन नाही’ म्हणावं लागे. मग हळूहळू कळलं की माणसं वाळवंटातून जॉर्डनला निघाली आहेत, आणि सगळे जॉर्डनची राजधानी अम्मान मागू लागले. अम्मानच्या लाइन मोजक्याच. एका तिकिटाला सहा-सहा, आठ-आठ तास लागत. तिकीट म्हणजे आमची कॉलची चिठ्ठी. कुणी मागितला, कुठला नंबर, किती वाजता लागला, किती मिनिटं झाली, सगळं आमच्या हाताने लिहिलेलं.

दाभोळकडची एक बाई होती. मुलगा कुवेतला सुतारकामाला. तिच्याकडे अम्मानचा नंबर नव्हता, कुठलाच नव्हता. नुसतं मुलाचं नाव आणि पासपोर्टचा नंबर वहीच्या कागदावर लिहून आणलेला. नंबर नसताना कॉल बुक करता येत नाही, हा नियम. आमच्या सुपरवायझर बाईंनी तिकिटावर अम्मानमधल्या आपल्या वकिलातीचा नंबर घातला आणि म्हणाल्या, लाव. तीन रात्री लावत होते. अम्मानच्या बोर्डावर एक बाई असायची. तिचा आवाज मला अजून आठवतो, नाव कधी विचारलं नाही. तिसऱ्या रात्री तीच म्हणाली, थांब, मी धरून ठेवते. वकिलातीतल्या माणसाने यादीत नाव शोधलं. नाव होतं. विमानात बसायची पाळी अजून यायची होती, पण मुलगा अम्मानला पोचला होता.

मी त्या बाईला वर बोलावून घेतलं आणि हेडसेट तिच्या कानाला लावला. हे नियमात अजिबात बसत नव्हतं. तिने त्या माणसाला नाव तीनदा वाचायला लावलं. कॉलची ठरलेली तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. सुपरवायझर घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या आणि कॉल तोडा म्हणाल्या नाहीत. पुढे एअर इंडियाने अम्मानहून लाखाच्या वर माणसं आणली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या महिन्या-दीड महिन्यात आमच्यातल्या कितीजणी डबल ड्यूटी करून पहिल्या लोकलने घरी जायच्या, ते कुणी छापलं नाही. छापावं असा हट्टही नाही. पण आयतं बसून खाणाऱ्या म्हणू नका.

आमचे दर महाग होते, हे मी मान्य करते. नव्वदच्या दशकाच्या शेवटीही अमेरिकेशी एक मिनिट बोलायला साठेक रुपये पडायचे. गरिबाला ते कसे परवडणार, हे आम्ही रोज काउंटरवर बघत होतो. पण स्वस्ताई आली ती परदेशी फोनवरची आमची मक्तेदारी संपल्यामुळे. ती २००४ पर्यंत चालायची ठरली होती, पण सरकारने ३१ मार्च २००२ लाच संपवली, दुसऱ्या कंपन्यांना परवाने मिळाले, इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली. व्हीएसएनएल सरकारकडे राहिली असती तरी दर उतरलेच असते. विक्री आणि मक्तेदारीचा शेवट एकाच हंगामात झाला, म्हणून तुम्ही दोन्हींची गाठ मारलीत.

विक्रीचा दाखलाच द्यायचा तर सगळा द्या. २५ टक्के हिस्सा टाटांना १,४३९ कोटींना गेला. काही महिन्यांतच कंपनीचे १,२०० कोटी टाटांच्याच दुसऱ्या टेलिफोन कंपनीत घालायचं संचालक मंडळाने ठरवलं, आणि प्रमोद महाजन दूरसंचारमंत्री असूनही जाहीरपणे संतापले. पुण्याच्या दिघीपासून दिल्ली, कोलकाता, चेन्नईपर्यंतची ७७३ एकर जमीन सौद्यातून वगळली होती. ती वेगळी काढायला २०२० उजाडलं. अठरा वर्षं! उरलेला २६ टक्के हिस्सा सरकारने २०२१ साली विकला. यातलं एक अक्षर तुमच्या अग्रलेखात नाही. उद्या बीएसएनएलच्या जागांचं असंच झालं तर जबाबदार कोण?

जाता जाता आणखी एक. माझ्याकडे आता एका खाजगी कंपनीचा फायबरचा फोन आहे. गेल्या महिन्यात तो अकरा दिवस बंद होता. तक्रार केली की मोबाईलवर तिकीट नंबर येतो, आणि संध्याकाळी निरोप येतो की तक्रार सुटली, तिकीट बंद केलं. फोन मुका तो मुकाच. चार वेळा असं झालं. तिकीट बंद करणारा माणूस कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे मात्र तिकिटावर ऑपरेटरची सही असायची. शिवाय वीज गेली की हा फोन मरतो. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळायची, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. आमच्या मजल्यावर सत्तरीपुढची पाच माणसं एकेकटी राहतात. रात्री वीज गेल्यावर त्यांनी काय करायचं, यावर एखादा अग्रलेख लिहा. मी तो कापून ठेवीन.

तूर्त एवढंच करा. लेखासोबत डायलचा काळा फोन छापून खाली ‘व्हीएसएनएलचा जुना फोन’ लिहिलंय, ती ओळ उद्याच्या अंकात दुरुस्त करा. तो फोन दूरसंचार खात्याचा आहे.

आपली,
एक निवृत्त ओव्हरसीज टेलिफोन ऑपरेटर,
डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये.)