बरणीतल्या चिठ्ठीसाठी, काका, थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही फोनवर आभार मानू देत नाही, "अगं ते माझं कामच होतं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, मुलाच्या मोबाईलवर वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काका नाशिकच्या एका कॉलेजात झूलॉजीचे लॅब अटेंडंट होते, आता रिटायर झालेत. मी तिथूनच एमएस्सी केलं आणि आता पीएचडीला भातखाचरातल्या बेडकांवर काम करते. हे बेडूक दिसायला इतके सारखे की नुसतं बघून जात ठरवणं अवघड, डीएनए काढला की मग कळतं कोण कोणाचा नातेवाईक आणि कधी वेगळे झाले. आजचे बेडूक मिळतात हो, पण इगतपुरी-घोटीकडच्या ज्या खाचरांवर आता प्लॉट पडलेत तिथले जुने बेडूक कुठून आणायचे? ते फक्त तुमच्या कपाटात, बरण्यांमध्ये जपलेले होते.

आणि ते कपाट रिकामं करा असा वरून निरोप आलेला, जागा हवी होती म्हणून. तुम्ही बरण्या फेकल्या नाहीत, दोन-दोन करून मागच्या स्टोअरमध्ये नेल्या, झाकणांना व्हॅसलीन लावलं, स्पिरिट कमी झालं की भरत राहिलात, इतकी वर्षं, कोणी विचारत नसताना.

पण मला खरं वाचवलं ते तुमच्या रजिस्टरने. फॉर्मॅलिन म्हणजे प्राणी टिकवायचं दुसरं द्रावण, त्यात डीएनएचे धागे प्रोटीनला आणि एकमेकांना चिकटून बसतात, त्यातून काही मिळवणं महाकठीण. स्पिरिटमधले बरे, तुकडे पडलेले असतात पण वाचता येतात. आता बरणीत आज स्पिरिट दिसतंय म्हणून प्राणी आधी फॉर्मॅलिनमध्ये नव्हता असं थोडीच आहे! मी वास घेत बसले होते तेव्हा तुम्ही खरेदीचं रजिस्टर काढलंत आणि म्हणालात, या दोन वर्षी स्पिरिटसाठी लागणारं एक्साईजचं परमिट अडकलं होतं, तेव्हाचं सगळं फॉर्मॅलिनमध्ये गेलं, ते सोड, त्याच्या आधीचं घे. हे कुठल्याच पेपरात लिहिलेलं नसतं काका. मी सहा महिने वाया घालवले असते.

तुम्ही विचारलं होतं की एवढ्या जुन्या मेलेल्या प्राण्यातून खरंच काही निघतं का. १९८४ मध्ये पहिल्यांदा निघालं, क्वागा नावाचा झेब्र्यासारखा प्राणी, शेवटचा १८८३ ला मेला, जर्मनीत माइन्झच्या म्युझियममध्ये त्याचं कातडं होतं, त्याला चिकटलेल्या सुक्या मांसातून डीएनएची फक्त २२९ अक्षरं वाचली आणि तेवढ्यावरून कळलं की तो झेब्र्याचाच जवळचा भाऊबंद.

आणि लेबलचं म्हणाल तर आपल्या खानदेशातला रानपिंगळा, ते छोटं घुबड, आठवा. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नव्हता, मध्ये माइनर्टझागेन नावाच्या इंग्रजाने म्युझियममधला जुना नमुना चोरून त्यावर गुजरातचं, १९१४ चं खोटं लेबल लावलं, आणि लोक ते खरं धरून चुकीच्या जागी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी ती लबाडी पकडली, मग खऱ्या लेबलांच्या जागी शोध घेतला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी जिवंत सापडला! एका चिठ्ठीवर एवढं अवलंबून असतं.

तुमच्या चिठ्ठ्या बरणीच्या आत, पेन्सिलने लिहिलेल्या, कारण पेनची शाई स्पिरिटमध्ये पसरते. गाव, तारीख, कोणी पकडला, शेताजवळ की ओढ्यात. पस्तीस-चाळीस वर्षांनी अक्षर न् अक्षर वाचता आलं.

तर बातमी अशी की मांडीचा तांदळाएवढा तुकडा घेतला, मांस विरघळवणाऱ्या एन्झाइममध्ये रात्रभर ५६ डिग्रीला ठेवला, पहिले दोन प्रयत्न फुकट गेले, तिसऱ्यांदा जेलवर बँड, म्हणजे डीएनए मिळाल्याची पट्टी, आला, छोटासा, फिकट, पण आला, आणि शेजारच्या कोऱ्या ट्यूबमध्ये, जिच्यात बेडकाचा तुकडा घातलाच नव्हता, काही नव्हतं म्हणजे माझ्या हाताचा डीएनए मिसळलेला नाही. मी लॅबमध्ये एकटीच होते, रडले चक्क. नऊ बरण्यांपैकी पाचांतून आलंय.

फ्रीजरमधल्या ट्यूबवर मी नवा कोड टाकलेला नाही, तुमच्या रजिस्टरचाच नंबर लिहिलाय. थीसिसमध्ये तुमचं नाव पूर्ण जाणार आहे, नको म्हणायचं नाही. दिवाळीत घरी येते, काकूंना सांगा, आणि त्या बिनचिठ्ठीच्या तीन बरण्या कुठल्या ट्रिपच्या ते तोवर आठवून ठेवा.