प्रीअँपच्या पहिल्या पाच सेकंदांसाठी ताईंना पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी घरी बनवलेला प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) आता ‘धप्प’ न करता शांतपणे चालू होतो. बटण दाबलं की चार सेकंदांनी रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, टिक ऐकू येते, आणि वूफरच्या कोनवर बोट ठेवलं तरी काही जाणवत नाही. फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही लगेच घरच्यांची चौकशी सुरू केलीत, म्हणून हे उघड पत्र. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो. पण तुम्ही जे दाखवलंत ते घरी ऑडिओ बनवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, ते आपल्या दोघांतच राहू नये असं मला मनापासून वाटतं.

इतरांसाठी थोडं सांगतो. प्रीअँप एनई ५५३२ या ऑपअँपवर (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीवर) आहे, सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट. इनपुटला १०० के (किलोओहम) चा रेझिस्टर, फीडबॅकला १० के आणि २.२ के, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) साधारण साडेपाच. पुढे डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल सोडणारा १० मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, त्यापुढे रिले, मग पॉवर अँप. रिले घातला तो चालू होतानाच्या धक्क्यासाठी. अधिक आणि उणे रेल, म्हणजे सप्लायच्या दोन बाजू, कधीच अगदी एका क्षणी उभ्या राहत नाहीत, आणि तेवढ्या वेळात ऑपअँपचं आउटपुट एका बाजूला धावून काही व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. रिलेनं तो मोठा धक्का अडवला. तरीही रिले जुळला की ‘धप्प’ व्हायचंच. आधीपेक्षा लहान, पण दर वेळी.

हे मला सोसवत नव्हतं. स्पीकर बाबांचे आहेत. त्यांच्याकडे आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँसाहेब आणि देवासचे कुमारजी यांचा मोठा संग्रह आहे. खाँसाहेबांचा विलंबित ख्याल ऐकायला बसलेल्या माणसाला आधी धप्पकन दचकवायचं, हे बरोबर नाही.

सल्ले पुष्कळ मिळाले. बहुतेकांचं म्हणणं एकच, आयसी बदल, टीएल ०७२ लाव. त्याचा बायस करंट (आयसीच्या इनपुटमधून सतत वाहणारा बारीक प्रवाह) पिकोअँपिअरमध्ये असतो, ऑफसेट (आउटपुटवरचा नको असलेला डीसी) आपोआप उतरेल. तुम्ही मात्र आयसीला हात लावू दिला नाहीत. आधी गणित मांडायला लावलंत. ५५३२ चा बायस करंट साधारण २०० नॅनोअँपिअर, तो १०० के मधून गेला की २० मिलिव्होल्ट, साडेपाच पट केले की ११०. मीटरनं ऑपअँपच्या आउटपुट पिनवर उणे १०५ च्या आसपास दाखवलं. तुम्ही म्हणालात, “म्हणजे आयसी ठणठणीत आहे. सर्किटच्या नकाशाप्रमाणे जे यायला हवं तेच येतंय. त्याला कशाला काढायचं?” शिवाय ५५३२ चा नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, ०७२ चा १८. बाबांच्या जुन्या रेकॉर्डिंगना आणखी खरखर कशाला द्यायची?

मग तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. पॉवर अँप काढून ठेवायला सांगितलात, मीटर कपलिंग कपॅसिटरच्या पुढच्या टोकाला लावलात आणि चालू केल्यापासून दर पाच सेकंदांनी आकडा लिहायला बसवलंत. मला तिथे शून्य अपेक्षित होतं, कारण कपॅसिटर डीसी अडवतो. दिसले शंभराच्या वर मिलिव्होल्ट, आणि ते हळूहळू उतरत होते. मिनिट होऊन गेलं तरी उतरतच होते. आकडा एवढा सावकाश का उतरतोय, हा प्रश्न तुम्ही विचारलात आणि उत्तर न देता चहा ठेवायला आत गेलात. त्या शांततेत मला सुचलं, की या टोकाला जमिनीकडे (ग्राउंडकडे) जायची दुसरी कुठलीच वाट नाही. मीटरचा स्वतःचा १० मेगओहम तेवढी एक वाट आहे, आणि १० मेगओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे टाइम कॉन्स्टंट (आकडा साधारण ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) १०० सेकंद!

मूळ नकाशात ही वाट पॉवर अँपच्या इनपुटमधून मिळत होती. मध्ये रिले आला की ती सुटते. कपॅसिटरचं पुढचं टोक ऑपअँपमागून उणे १०५ मिलिव्होल्टवर जातं आणि तिथेच अडकून राहतं. रिले जुळला की तेवढा डीसी एका झटक्यात पॉवर अँपला मिळतो. त्याचा गेन २६ पट, म्हणजे स्पीकरवर पावणेतीन व्होल्टांचा धक्का. रिलेचा वेळ चारचा चाळीस सेकंद केला असता तरी धप्प तसाच राहिला असता.

उपाय काही रुपयांचा. रिलेच्या अलीकडे, कपॅसिटरच्या त्या टोकापासून ग्राउंडला एक रेझिस्टर. मी १ मेगओहम लावायला निघालो होतो, तुम्ही हिशोब करायला लावलात: १ मेगओहमला टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, ४७ के ला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. चालू होतानाचा मोठा झोकाही याच कपॅसिटरला थोडा चार्ज करतो, तोही रिले जुळायच्या आत विरायला हवा. महाराणी रोडवरून ४७ के चे मेटल फिल्म आणले, दोन टाके मारले, आणि धप्प गेला. खर्ज जराही कमी झाला नाही. पॉवर अँपच्या इनपुटचा २२ के धरूनही कटऑफ (ज्याखाली आवाज कमी होऊ लागतो ती फ्रिक्वेन्सी) १ हर्ट्झच्या आसपासच राहतो.

पुढची कामंही तुमच्याच यादीतली. २.२ के च्या खाली १०० मायक्रोफॅरड घातला, त्यामुळे डीसीला गेन एकच उरला आणि पिनवरचा ऑफसेट २० मिलिव्होल्टच्या घरात आला. ७८१५ आणि ७९१५ (रेल १५ व्होल्टांवर स्थिर ठेवणाऱ्या आयसी) यांच्या आउटपुटला उलटे डायोड लावले, एक रेल आधी उठली तरी ती दुसरीला उलट्या दिशेला ओढू नये म्हणून. बंद करताना रिले लगेच सुटावा यासाठी त्याची खूण आता मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरून न घेता ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून, वेगळ्या डायोडनं घेतली आहे.

ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी “तिथे ४७ के लाव” असं सांगू शकला असतात. तुम्हाला नकाशा बघताक्षणीच कळलं होतं, हे आता मला उमगतंय. तरी तुम्ही तुमचा रविवार दिलात आणि मला ते टोक स्वतः सापडू दिलंत. तुमच्या हाताखाली लॅबमध्ये शिकलेल्या मुलांचा मला खरंच हेवा वाटतो.

आता फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) काढणार आहे. तिथे १ किलोहर्ट्झला गेन ४० डीबी आणि खालच्या टोकाला ६० च्या जवळ, म्हणजे ऑफसेटचा प्रश्न कितीतरी मोठा. नकाशा काढला की आधी प्रत्येक कपॅसिटरच्या दोन्ही टोकांची जमिनीकडची वाट तपासून घेईन, मगच रामबागेत तुमच्याकडे घेऊन येईन. बाबा विचारत होते, अमीर खाँसाहेब ऐकायला कधी येताय? ते रोज संध्याकाळी घरीच असतात.

तुमचा कृतज्ञ,
लोकमान्य नगरचा शेजारी