अण्णांना खाटेवरून पाणी दिसलं पाहिजे

नाशिक, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मुकुंदा,

आठ महिने झाले. पत्र नाही, फोन नाही. मनातल्या मनात घालायच्या त्या शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, गुडघा जिथे होता तिथेच.

आज लिहायला बसलो कारण दुपारी अण्णांचा फोन आला. "भंडारदरा एकदा भरलेला बघायचाय. दोन रात्री राहू. सोय तू बघ." एवढं बोलून ठेवून दिला. वसू गेल्यापासून अण्णांनी कुणाकडे काही मागितलंय का? म्हणून सगळं सोडून कागद घेतला. वसू असता तर हे काम त्याचंच होतं, आणि आपण दोघं त्याने ठरवलेल्याला नावं ठेवत गेलो असतो.

मी ग्रुपवर नुसतं 'भंडारदरा' लिहिलं तर पाच मिनिटांत दिग्याने तंबूंचे अकरा फोटो टाकले. 'लेक टच', 'एकदम पाण्याला लागून', आणि जूनचा पहिला शनिवार, काजवे बघायला. मी विचारलं, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एकोणऐंशीच्या माणसाला तंबूत झोपवणार आहेस का? त्यावर अंगठा आला. हो म्हणून की नाही म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

दिग्याच्या त्या फोटोंतच गोची आहे. ते फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरचे. भंडारदरा साधारण पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं, ११,०३९ दशलक्ष घनफूट, हा आकडा आपल्याला अण्णांनी पाढ्यासारखा पाठ करायला लावला होता. मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खाली अकोले-संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंतच्या शेतीसाठी आवर्तनं सुटतात आणि पाणी मागे सरकत जातं. मेअखेर त्याच 'लेक टच' तंबूपासून पाणी म्हणजे भेगाळलेल्या गाळावरून लांबलचक पायपीट, आणि काठ जवळ आला की पाय पोटरीपर्यंत आत. अण्णांना तो उघडा पडलेला तळ दाखवायला नेला तर दोन दिवस आपल्याला सिंचनाच्या नियोजनावर व्याख्यान. तंबूवाला खोटं बोलत नाही, त्याचा तंबू तिथेच असतो, धरण हलतं.

म्हणून मी आधी महिना ठरवायला घेतला, जागा नंतर. भरलेलं धरण हवं तर ऑगस्ट, असं तूही म्हणशील. पण भरलेलं आणि दिसणारं यांत फरक आहे बाबा. जुलै-ऑगस्टात धरणामागच्या रतनवाडी-घाटघरकडे एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नसते. धुकं उतरलं की खिडकीबाहेर पांढरी चादर, धरण तिच्या मागे. गाद्या ओलसर, कपडे वाळत नाहीत, पायऱ्यांवर शेवाळ. शेवाळ आणि नवीन खुबा, नको रे. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, सोनकीने पठारं पिवळी होतात, पण शनिवार-रविवारी अर्धी मुंबई तिथे असते. म्हणून नोव्हेंबर, दिवाळीची गर्दी उलटल्यावर, सोमवार ते बुधवार. तेव्हा पाणी काठोकाठच्या जवळपास असतं, हवा धुतल्यासारखी असते आणि भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात. तोटा एकच, अंब्रेला फॉल बहुधा कोरडा असेल. तो धरणातून पाणी सोडलं तरच वाहतो. ते अण्णांना सांगायची आपल्याला गरज नाही, तेच आपल्याला सांगतील, पाणी सोडायचा विमोचक कुठला आणि का ते सुद्धा.

काजव्यांचं दिग्याला मी वेगळं समजावलं. मेअखेर ते जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत, हे खरं. पण ते धरणाजवळच्या शेंडी गावात खुर्ची टाकून दिसत नाहीत, रात्री गाडी काढून मुरशेत, पांजरे, उडदावण्याकडे जावं लागतं, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ जिथे दाट आहेत तिथे. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, नाक्यावर पावती फाडावी लागते आणि परतायची वेळ वन खातं ठरवून देतं. शनिवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, सगळ्यांचे दिवे चालू, आणि उजेडात काजवे चमकायचे थांबतात. त्यात वळवाचा वारा आला तर तंबूचे खुंटे उपटून निघतात. दिग्याने बायको-पोरांना घेऊन जूनमध्ये खुशाल जावं, तेही मंगळवारी.

आता जागा. आपलं जुनं भांडण इथेच येतं. तुझं म्हणणं, रतनवाडीला राहिल्याशिवाय भंडारदरा बघितलाच नाही. मी अजून मानत नाही. अमृतेश्वराचं देऊळ, ती पुष्करणी, वर रतनगड, सगळं मान्य. गावातल्या घरात उतरलं तर जेवण शेंडीतल्या कुठल्याही हॉटेलापेक्षा सरस, तांदळाची भाकरी, पिठलं, गावरान कोंबडी. पण झोपायला सतरंजी-गादी जमिनीवर, संडास घराबाहेर आणि बऱ्याच ठिकाणी देशी. खुबा बदललेल्या माणसाला खाली बसता येत नाही, गुडघ्याच्या उंचीपेक्षा बुटकी खाट चालत नाही. शेंडीपासून वीसेक किलोमीटर आत, मोबाइलला रेंज मिळाली तर मिळाली. रात्री काही झालं तर आधी शेंडी, तिथून पुढे राजूरचा दवाखाना, आणि दिवसा जो रस्ता छान वाटतो तो रात्री संपता संपत नाही. शिवाय गाव डोंगराच्या कुशीत. हिवाळ्यात ऊन उशिरा पोचतं आणि रतनगडामागे लवकर बुडतं. म्हाताऱ्या हाडांना ते सोसत नाही. तेव्हा रतनवाडी दिवसा, जेवणापुरती. सकाळी निघताना निरोप ठेवायचा, किती माणसं, तिखट कमी. आयत्या वेळी गेलास तर चूल पेटवण्यापासून सुरुवात.

उत्तर काठ, मुरशेत-पांजरेचा, हा तंबूंचा. तिथे दिवसभर ऊन, आणि समोर पाण्यापलीकडे रतनगड-कात्राबाईची रांग. जागा म्हणून तीच सगळ्यात देखणी, आता कबूल करतो. पोरं आणि दिग्या एक रात्र तिथे राहोत. संध्याकाळचा चहा, भजी, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे धरून माणशी हजार-दीड हजार घेतात. मी दिग्याला चारच प्रश्न विचारायला सांगितलेत. तंबू किती आणि संडास किती? पन्नास तंबूंना चार संडास असतील तर सकाळी सातला काय होतं ते तू हॉस्टेलवर भोगलंयस. चौघांचा तंबू म्हणतात त्यात तीनच माणसं धर, चौथा कापडाला टेकतो, आणि नोव्हेंबरात पहाटे ते कापड दवाने आणि आतल्या श्वासांनी निथळत असतं. म्हणून दुसरा प्रश्न, वरचं आणि आतलं असं दुहेरी कापड आहे का? असलं तरी थंडी म्हणून जाळीची खिडकी बंद करायची नाही. तिसरा, गादीखाली काय घालता? खाचराची जमीन रात्री गारठा सोडते, नुसत्या ताडपत्रीने भागत नाही. चौथा, त्या दिवशी स्पीकर लावणारा दुसरा गट आहे का? आणि पोहणं बंद म्हणजे बंद. काठ पायऱ्यापायऱ्यांनी अचानक खोल जातो आणि खाली गाळ असतो. पोहता येणारेच त्यात अडकतात. नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट, पट्टा लावून.

(तुझ्या त्या कुलंगगडावरच्या स्टोव्हचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही. पिन तुझ्याकडेच होती.)

राहिली शेंडी, म्हणजे धरणाच्या अंगाची बाजू. तुला ती बाजारपेठ वाटते. असू दे. घोटीहून बारीमार्गे गाडी थेट दारात येते, दुकानं आहेत, औषधं मिळतात आणि राजूर जवळ. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला असल्यामुळे इथून सगळं पाणी पश्चिमेला पसरलेलं दिसतं आणि नोव्हेंबरात सूर्य रतनगडाच्या उजव्या अंगाला बुडतो. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, खाजगीही आहेत. अडचण अशी की 'लेक व्ह्यू' हा शब्द तिथे फार सैल वापरतात. व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभं राहून मान वाकडी केली की झाडांमधून पाणी दिसतं, तेही लेक व्ह्यू. म्हणून मी काय करणार आहे सांगू? तिथल्या पोराला फोन करून म्हणणार, खोलीतल्या खाटेवर उशीला टेकून बस आणि तिथून खिडकीकडे मोबाइल धरून व्हिडिओ काढ. उभा राहून काढलेला नको. खिडकीची चौकट कमरेच्या वर असेल तर उभ्याला धरण दिसतं आणि आडव्याला नुसतं आभाळ.

मग त्याच पोराला पुढचं विचारायचं. गाडी उभी राहते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला? उतारावरची जागा आहे, 'तळमजला' म्हणतात तो कधी कधी रस्त्यापासून वीस पायऱ्या खाली असतो. अण्णांचा उजवा खुबा, तेव्हा उतरताना डाव्या हाताला धरायला हवं. कमोडची उंची, शेजारी धरायला दांडी, न्हाणीघराचा उंबरठा. गरम पाणी गीझरचं की सोलरचं? सोलरचं असेल तर पहाटे पाचला अण्णांना गारच मिळणार आणि ते पाचलाच उठणार. वीज गेली तर इन्व्हर्टरवर संडासातला दिवा लागतो का? बऱ्याच ठिकाणी खोलीतला पंखा चालतो आणि नेमका तो दिवा लागत नाही. मी घरून प्लास्टिकची खुर्ची, बॅटरी आणि खाट बुटकी निघाली तर पायांखाली घालायला चार लाकडी ठोकळे घेतोय. हसू नकोस, ठोकळे सुताराला सांगूनही झाले.

मधल्या दिवशी गाडीने जलाशयाचा फेरा. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत, थांबत थांबत पूर्ण दिवस जातो. याच दिशेने जायचं, म्हणजे सकाळी घाटघरच्या कड्यावरून कोकण स्वच्छ दिसतो आणि दुपारच्या जेवणाला रतनवाडी गाठता येते. साम्रदला पोरं सांदण दरीत उतरतो म्हणतील. नोव्हेंबरात आतल्या डोहांत कमरेच्या वर गार पाणी असतं, तेव्हा तोंडाशी जाऊन परत या म्हणावं. टाकी घोटीला भरायची आणि सुट्टे पैसे जवळ ठेवायचे, आत यूपीआयच्या भरवशावर राहिलास तर चहाची उधारी.

एकच गोष्ट अजून अडली आहे. अण्णा म्हणाले, "धरणाच्या कॉलनीजवळ कुठेही चालेल, मला भिंत दिसली तरी पुरे." भिंत म्हणजे धरणाची. १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरी झालेली ती दगडी भिंत त्यांना पाण्याहून प्यारी. आता भिंत दिसणारी खोली आणि पाणी दिसणारी खोली बहुतेक एकच नसते. भिंत खालून, बागेच्या अंगाने भव्य दिसते, पाणी वरून. मी पाणी धरलंय. भिंतीखाली संध्याकाळी त्यांना खुर्ची टाकून बसवू. चुकतोय का सांग. वहिनी म्हणतात, त्यांना विचारूच नकोस, म्हणतील काहीही चालेल, आणि मग दोन दिवस गप्प बसतील.

तुझं इंदूरचं घर झालं का? लेकीच्या परीक्षेचं काय? सविस्तर कळव, मीही विचारलं असं होईल. नोव्हेंबरात रजा काढ. इगतपुरीपर्यंत रेल्वेने ये, तिथून मी उचलतो. खोल्या तीनच घेतोय, तू माझ्या खोलीत, घोरणं सोसून.

अण्णांना एक फोन कर. मात्र आज धरणात पाणी किती, असं विचारू नकोस. मी विचारलं होतं, तासभर लागला.

तुझा,
शऱ्या