यंदाची शोभेच्या दारूची वर्गणी ढोकांच्या जाळीला द्या

ग्रामस्थ, भाविक आणि कामधंद्यासाठी बाहेरगावी असलेली आपली मंडळी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

महादेवाच्या देवळामागं, पडक्या ओवऱ्यांत ज्या पाच जुन्या चिंचा आहेत, त्यांवर यंदाही ढोक उतरले आहेत. पक्षिमित्र त्यांना चित्रबलाक म्हणतात. लांब पिवळी चोच, नारिंगी डोकं, शेपटीपाशी गुलाबी पिसं. उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी आटतं, उथळ डोहांत मासळी गोळा होते आणि पिल्लांना घास सहज मिळतो, म्हणून ते या दिवसांत येतात. पावसाळा लागला की पिल्लं घेऊन निघून जातात.

आवारात मासळीचा वास येतो, ही भाविकांची तक्रार खरी आहे. पण पिल्लू भ्यालं की पोटातला घास ओकून टाकतं आणि मेल्यासारखं निपचित पडून राहतं. मागच्या चैत्री यात्रेत छबिन्याच्या रात्री दारू उडाली. सकाळी ओवरीभर ओकलेले मासे होते आणि बारवेच्या पायरीवर पंख न फुटलेली पिल्लं मरून पडली होती. महादेवाच्या दारात हे घडलं, याची आम्हाला फार खंत आहे.

गर्दीला हे पक्षी भीत नाहीत. इंदापुरात कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर, माणसांच्या वर्दळीत, हेच ढोक पिल्लं वाढवत आले आहेत. दूर तुर्कस्तानात सेल्चुक गावी पांढरे करकोचे थेट जुन्या जलसेतूच्या खांबांवर घरटी करतात, आणि तिथंही यात्रेकरू येतच असतात. तेव्हा आपली यात्रा, हलगी, पालखी सगळं होऊ द्या. फक्त यंदा दारू नको. मानकऱ्यांनी त्यासाठी काढून ठेवलेली रक्कम या कामाला द्यावी, ही हात जोडून विनंती.

पिल्लू पडलं तर झेलायला चिंचांखाली जाळी बांधायची आहे. भोई बांधवांनी जुनी जाळी द्यावीत. बांबू आणि काथ्याही लागेल. देऊळ यादवकाळातलं आहे, त्यामुळं एकाही दगडाला खिळा मारायचा नाही की ओवरीत खड्डा घ्यायचा नाही. बांबू मातीच्या पोत्यांत रोवू. रसवंती आणि खेळण्यांची दुकानं यंदा वेशीकडं लागतील, दुकानदारांनी सांभाळून घ्यावं.

आणखी एक. घरटी असल्यानं या झाडांच्या चिंचांचा लिलाव आपण केलेला नाही. त्या पैशांतून देवळाची वर्षाची दिवाबत्ती चालायची. ती तूट भरायची आहे, आणि रोख मदतीची खरी गरज तिथंच आहे. रक्कम देवळाच्या कचेरीत द्यावी, पावती आठवणीनं घ्यावी.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाळी बांधायला घेऊ. येताना विळा आणि दोरी आणा. पिठलं-भाकरी देवळातच आहे.

आपले,
यात्रा समिती व समस्त ग्रामस्थ