नल्लतण्णीच्या वाटेवरच्या अक्कांना

अक्का,

थोरल्या बहिणीला आमच्याकडेही अक्काच म्हणतात. त्या रात्री तुमच्या टपरीवर तमिळ बोलणारे तुम्हाला याच नावाने हाक मारत होते आणि सिंहली बोलणारेही, म्हणून माझ्याही तोंडी तेच आलं. खरं नाव विचारायचं राहूनच गेलं. पत्र मराठीत आहे. तुमचा भाचा मोबाइलवर त्याचं काहीतरी भाषांतर करील, त्यात मी काही भलतंच बोलले असं दिसलं तर फार मनावर घेऊ नका. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आमच्या नागपूरहून बरेच जण लंकेला जातात. त्यांच्यापैकी कुणी श्रीपादचा डोंगर (अ‍ॅडम्स पीक) चढायला निघालं, तर तुमची टपरी त्यांना ठाऊक असावी.

खरं तर आम्ही आलो होतो ते कँडीसाठी. 1950 साली बाबासाहेब तिथे बौद्ध परिषदेला आले होते, ते गाव एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच बाबांचं मागणं. 1956 ला दीक्षाभूमीवर आजोबांचं बोट धरून गेले तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते, म्हणजे आज त्यांचं वय काय ते तुम्हीच काढा. श्रीपाद बेतात नव्हताच. आमच्या गाडीची सोय करणाऱ्याने सांगितलं, दोन तासांचं चालणं आहे, सगळे जातात. सगळे जातात हे खरं निघालं. दोन तास त्याने कुठून आणले, देव जाणे. 2243 मीटरचं शिखर, साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या, त्यातली एक दुसरीच्या उंचीची नाही.

शिखरावर दगडात उमटलेलं पाऊल बुद्धाचं, असं सिंहली बौद्ध मानतात. तुम्ही तमिळ हिंदू ते शिवाचं मानता, मुसलमान आदमचं. बाबा आयुष्यभर अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते, त्यांना माप आधी दिसतं. ‘‘एवढं मोठं पाऊल माणसाचं रायते का?’’ असं गाडीतच म्हणून झालं होतं. तरी रात्री बारा वाजता बुटाच्या नाड्या माझ्याआधी त्यांनीच बांधल्या.

पहिले दोन तास मजेत गेले. डोंगरावर दिव्यांची ओळ वर वर गेलेली दिसत होती. बाबा म्हणाले, वरचे ते दिवे नव्हेत, चांदण्या आहेत. पुढे कळलं, ते दिवेच होते, आणि तिथवर जायचं होतं. सीत गंगुळ नावाच्या ओढ्यापाशी मी त्यांना रामायणातल्या सीतेचं काही सांगू लागले, तर शेजारी तोंड धुणारा एक मुलगा म्हणाला, सीत म्हणजे थंड. हात घातल्यावर पटलं. पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बायका अनवाणी चढत होत्या, काहींच्या कडेवर नातवंडं. वर जाणारे आणि खाली उतरणारे एकमेकांना ‘करुणावय’ म्हणत होते. बाबा प्रत्येकाला ‘जय भीम’ म्हणून उत्तर देत होते आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

वाटेत इंदिकटुपान नावाची जागा लागते, तिथे सुईदोरा वाहतात. बुद्धाचं चीवर तिथे फाटलं आणि तिथेच बसून त्यांनी ते शिवलं, अशी गोष्ट आहे. आम्हीही दोरा सोडला. त्यापुढची उभी चढण सुरू झाली आणि थोड्याच वेळात, तुमच्या टपरीसमोर, बाबा कठड्याला धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी पाण्याची बाटली शोधत होते, तोवर तुम्ही त्यांना काखेत धरून आत नेलंही होतं. बाकावर बसवलंत, मोजे काढलेत, तळव्यांना बाम चोळलात. दुधाशिवायचा चहा दिलात आणि हातावर गुळाचा खडा ठेवलात, एक घोट आणि एक तुकडा. चहाबरोबर गूळ असा चावून खातात हे बाबांना लगेच समजलं. मी आपली तो चहात टाकत होते, तर तुम्ही हसलात.

मला खाली परतायचं होतं. तुम्ही आधी वर बोट केलंत आणि मग माझ्याकडे, मग बाबांकडे, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवलात. भाच्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, अंकल इथे झोपतील. बाबा म्हणाले, ‘‘मले काई झालं नाई. तू जाय वर.’’

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे पत्र आहे. निघताना मी बाबांच्या खिशातून पासपोर्ट आणि पैशाची पिशवी काढून घेतली. वाकून, पांघरूण नीट करते आहे असं दाखवत. तुम्ही बघितलंत. मला दिसलं की तुम्ही बघितलंत. तुम्ही काही न बोलता चुलीत लाकूड सारलंत आणि वाटेत लागेल म्हणून एक नारळाची रोटी कागदात बांधून माझ्या हातात दिलीत.

वरचं फार सांगत नाही, तुम्हाला ते ठाऊकच आहे. शेवटच्या पायऱ्यांवर गर्दी तासभर हलेना. चपला काढल्यावर फरशी बर्फासारखी लागली. पाऊल कापडाखाली होतं. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे, म्हणून मी घंटा एकदा वाजवली. दुसरा टोल बाबांच्या नावाने द्यावा असं मनात आलं, पण ते खोटं झालं असतं आणि त्यांनाच आधी खटकलं असतं. सूर्य उगवला, ढोल वाजले. मग सगळे पश्चिमेला धावले, कारण डोंगराची सावली धुक्यावर पडते, फुटपट्टीने आखल्यासारखी त्रिकोणी. फार सुंदर होती. मी ती बघत होते आणि हात कमरेच्या पासपोर्टवर होता.

उतरताना गुडघ्यांनी सूड घेतला, ते असो. आठच्या सुमाराला टपरीत शिरले तर बाक रिकामा. काळजात धस्स झालं. बाबा मागच्या बाजूला सापडले, उकिडवे बसलेले, हातात तुमचा अडकित्ता आणि तारेचा तुकडा. रात्रभर चुलीचा धूर तुमच्या तोंडावर येतो हे त्यांच्यातल्या फिटरला बघवलं नव्हतं. वाऱ्याच्या बाजूला एक जुना पत्रा वाकवून ते तो बांबूला आवळत होते. तुम्ही तमिळमध्ये सूचना देत होतात, ते वऱ्हाडीत वाद घालत होते, आणि काम बरोबर चाललं होतं. त्यांची कवळी तुम्ही स्टीलच्या पेल्यात घालून, वर झाकण ठेवून, मुरुगनच्या तसबिरीशेजारी ठेवली होती.

पैसे तुम्ही चहाचे आणि रोट्यांचे तेवढे घेतलेत. पांघरुणाचे, बामचे, रात्रीचे म्हणून मी नोटा पुढे केल्या, त्या तुम्ही बाबांच्याच खिशात कोंबल्यात. ज्या खिशातून मी पिशवी काढली होती, त्याच. मुद्दाम केलंत की सहज, ते मला कळलं नाही. भाच्याने सांगितलं, यात्रेचा हंगाम संपला की तुम्ही खालच्या मळ्यात चहा खुडायला जाता, तुमची आई जायची, तिची आई जायची.

बाबा बरे आहेत. इथे आल्यावर तपासून घेतलं, डॉक्टरांनी माझीच खरडपट्टी काढली. भेटेल त्याला ते श्रीपाद चढून आल्याचं सांगतात, कुठवर ते सांगत नाहीत, आणि मी मध्ये बोलत नाही. मात्र वेसाक, म्हणजे बुद्धपौर्णिमा झाली, तुमचा हंगाम संपला, तसा त्यांनी एक प्रश्न लावून धरला आहे, तो तुम्हाला विचारायला सांगितलंय. हंगाम संपल्यावर टपरी उतरवताना तो पत्रा फेकला तर नाही ना? पुढच्या डिसेंबरला लावाल तेव्हा वरची कड थोडी आणखी वाकवा, म्हणे. तार मात्र नवी घ्या, जुनी गंजली असेल.

तुमची,
नागपूरची धाकटी बहीण